गावातली बाटली आडवी करता येते, मोबाइलमधली का नाही?

जेवणाच्या अ‍ॅपवर न मागता दिसणाऱ्या दारूच्या ऑफर्स : त्या आपल्यापर्यंत पोहोचतात कशा, कायदा काय सांगतो आणि थांबवायच्या कशा?

डिजिटल डेस्क | राजूर (जि. जालना)

जेवण मागवायला अ‍ॅप उघडलं आणि वरच्याच पट्टीत कॉकटेलचा ग्लास दिसला. शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला, पाहिलं तर ड्रिंक्सवर ‘एकावर एक’ची ऑफर. सोडा आणि बर्फ शोधला, तर पुढचे आठ दिवस ‘पार्टी’चे बॅनर पाठ सोडत नाहीत. अनेकांसाठी हा बोटाने वर सरकवून टाकण्याचा विषय असतो. पण घरात कुणी दारू सोडण्यासाठी झगडत असेल, घरातला एकच फोन मुलंही वापरत असतील किंवा श्रद्धेमुळे कुणाला दारूचं चित्रही समोर नको असेल, तर हा विषय इतका साधा राहत नाही.

जालन्याहून साधारण २५ किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात असलेलं राजूर हे गणपतीचं गाव. अंगारकीला इथे दर्शनासाठी लोटणाऱ्या गर्दीतले कितीतरी जण रात्रभर पायी चालत आलेले असतात. अशा गावात दारूचं दुकान कुठे असावं, त्याची पाटी कुठे लागावी, गावाला ते नको असेल तर काय करायचं, या प्रत्येक प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. मोबाइलमधून येणाऱ्या ऑफरबद्दल मात्र असं सरळ उत्तर सापडत नाही. असं का, ते समजून घेऊ.

जेवणाच्या अ‍ॅपवर दारू येते कुठून?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. महाराष्ट्रात जेवणाच्या अ‍ॅपवरून दारूची बाटली घरपोच मागवता येत नाही. लॉकडाउनच्या काळात, मे २०२० मध्ये राज्य सरकारने घरपोच मद्यविक्रीला परवानगी दिली होती. ती परवानाधारक दुकानांना होती आणि ग्राहकाकडेही मद्यसेवनाचा परवाना असणं अपेक्षित होतं. त्याच महिन्यात झारखंडमधल्या रांचीत स्विगी आणि झोमॅटो यांनी अ‍ॅपवरून मद्य पोहोचवायला सुरुवात केली. पुढे पश्चिम बंगाल आणि ओडिशातही ही सेवा आली.

म्हणजे आपल्याकडे बाटली येत नाही. येतात त्या तीन गोष्टी :

• हॉटेल आणि बारच्या ऑफर्स. याच अ‍ॅप्सवर आता हॉटेलात टेबल बुक करण्याची सोय असते. तिथे सवलत जेवणावर असते, तशीच ती ड्रिंक्सवरही असते.

• दारू नसलेली, पण दारूसारखी उत्पादनं. ०.० बिअर, कॉकटेलसाठीची मिक्सर, सोडा, चखणा. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तरच ते पेय मद्य ठरतं. त्यामुळे ०.० बिअर कायद्याने मद्य नाही. डब्यावरचं नाव, रंग आणि बोधचिन्ह मात्र ओळखीच्या बिअरचंच असतं.

• नोटिफिकेशन. मॅच, थर्टी फर्स्ट, वीकेंड असं निमित्त धरून आलेला एका ओळीचा संदेश. कधी त्यात दारूचा शब्दही नसतो, नुसता ग्लासचा इमोजी असतो.

यातली पहिली गोष्ट हॉटेलची जाहिरात की दारूची? दुसरी पेयाची जाहिरात की ब्रँडची? गोंधळ नेमका इथे आहे.

गावात डिलिव्हरी नसली तरी नोटिफिकेशन कसं येतं?

तुम्ही अ‍ॅप टाकता आणि नोटिफिकेशनला परवानगी देता, तेव्हा तुमच्या फोनवरच्या त्या अ‍ॅपला एक टोकन मिळतं. टोकन म्हणजे लांबलचक आकडे-अक्षरांचा एक पत्ता. कंपनीचा सर्व्हर संदेश या पत्त्यावर पाठवतो. अँड्रॉइड फोनमध्ये तो गूगलच्या यंत्रणेतून येतो, आयफोनमध्ये अ‍ॅपलच्या. तुम्ही राजूरला आहात की पुण्यात, याच्याशी टोकनचा संबंध नसतो.

संबंध येतो तो त्याआधीच्या टप्प्यावर. कुणाला कोणता संदेश पाठवायचा, यासाठी ग्राहकांचे गट पाडलेले असतात. उदाहरणार्थ : शेवटचं ठिकाण जालना शहर, गेल्या दोन महिन्यांत रात्री नऊनंतर ऑर्डर, ऑर्डरमध्ये सोडा किंवा तंदुरी स्टार्टर. या तीन अटींत बसणाऱ्या सगळ्या टोकनांना शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एकच संदेश जातो. राजूरचा एखादा माणूस महिन्यापूर्वी जालन्यात कामाला गेला असताना त्याने तिथून जेवण मागवलं असेल, तर गावी परतल्यावरही तो ‘जालना शहर’ याच गटात राहू शकतो.

या गाळणीला माणूस कळत नाही, नोंदी कळतात. सोडा पाहुण्यांसाठी मागवला होता की औषध घेताना पोटाला बरं वाटावं म्हणून, हे तिला माहीत नसतं. समोरचा माणूस तीन महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आहे, हे तर अजिबात नाही.

एवढ्याशा बॅनरने काय बिघडतं?

व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक दारू सोडलेल्या माणसाला सुरुवातीच्या काळात एक गोष्ट आवर्जून सांगतात : जुना अड्डा, जुनी वेळ, जुनी संगत टाळा. यामागे मेंदूचं साधं गणित आहे. वर्षानुवर्षं ज्या गोष्टींच्या सोबत दारू घेतली, त्या गोष्टी दिसल्या की दारू समोर नसतानाही ओढ जागी होते. ग्लासचा आवाज, दुकानाची पाटी, शनिवारची संध्याकाळ, यातलं काहीही पुरतं. ही ओढ काही मिनिटांत ओसरते, पण तेवढी मिनिटं काढणं हीच लढाई असते.

महाराष्ट्रात हे काम नवीन नाही. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका राज्यातल्या अनेक शहरांत होतात. पण या सगळ्या मदतीची उभारणी झाली तेव्हा दारूचा अड्डा ही बाहेरची, ठरावीक जागा होती. रस्ता बदलला की तो टाळता यायचा. आता तोच अड्डा जेवण मागवायच्या पडद्यावर आला आहे, आणि जेवण काही सोडता येत नाही.

दुसरा प्रश्न वयाचा. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात दाखवता येत नाही. म्हणजे छत्रपती संभाजीनगरात होस्टेलवर राहणारा राजूरचा १९ वर्षांचा विद्यार्थी डेटा कायद्याच्या नजरेत प्रौढ आहे, पण दारूबंदी कायद्याच्या नजरेत बिअर घ्यायलाही लहान आहे. १८ ते २५ या सात वर्षांच्या फटीतले ग्राहक जेवणाच्या अ‍ॅपवर कमी नाहीत. आणि फोन वडिलांच्या नावावर, हातात मुलाच्या असेल, तर वयाची नोंद असून नसल्यासारखीच.

कायदा दारूच्या जाहिरातीबद्दल काय म्हणतो?

बरंच काही म्हणतो. फक्त ते वेगवेगळ्या खणांत आहे.

• दारूबंदी कायदा, १९४९. पूर्वीचा मुंबई, आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. त्याच्या कलम २४ नुसार मादक पदार्थ घ्यायला सुचवणारी किंवा तो देऊ करणारी जाहिरात छापता, प्रसिद्ध करता, किंवा अन्य कोणत्याही प्रकारे दाखवता-वाटता येत नाही. मंजूर दरपत्रकं आणि याद्यांना यातून सूट आहे. मूळ कलमात दारूची ‘प्रशंसा’ करण्यावरही बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात ‘प्रशंसे’चा भाग अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. घ्यायला सुचवणं आणि देऊ करणं यावरची बंदी मात्र उरली.

• टीव्हीसाठी केबल नियम, १९९४. टीव्हीवर दारूची जाहिरात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे करता येत नाही. म्हणूनच मद्याच्या ब्रँडच्या नावाने सोडा, पाणी, म्युझिक सीडी दिसू लागल्या. अ‍ॅपला हे नियम लागू नाहीत.

• महामार्गांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांलगतची दारूची दुकानं हटवायला सांगितलंच, शिवाय दारू मिळते असं सांगणाऱ्या पाट्या आणि जाहिरातीही काढायला सांगितल्या. दुकानांच्या अंतराबाबत पुढे सवलती मिळाल्या. पण पाटीचं तत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे : नुसतं दिसण्यानेही फरक पडतो, हे न्यायालयाने मान्य केलं.

• छुप्या जाहिरातींवरची बंदी, २०२२. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्या वस्तूच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे, तिची दुसऱ्या वस्तूच्या आडून जाहिरात करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे नियम जाहिरातीच्या सगळ्या माध्यमांना लागू आहेत.

• ‘डार्क पॅटर्न’विरोधी तत्त्वं, २०२३. ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा भंडावून सोडणाऱ्या पडद्यांचे १३ प्रकार यात दिले आहेत. बातमी किंवा मजकुरासारखी भासवलेली जाहिरात आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे करणं, हे दोन प्रकार आपल्या विषयाच्या जवळचे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं होतं.

ही यादी पाहिली की वाटतं, अडचण कुठे आहे? अडचण अशी की यातला एकही नियम ‘मला हे दाखवू नका’ म्हणण्याचा हक्क ग्राहकाला सरळ देत नाही. प्रत्येक वेळी आधी ठरवावं लागतं की ही दारूची जाहिरात आहे की हॉटेलची. हा वाद कंपनीचे वकील आणि सरकारी यंत्रणा यांच्यात चालू राहतो. ग्राहकाला मात्र दर शुक्रवारी संदेश येतच राहतो.

गावाला असलेला हक्क फोनला का नाही?

मार्च २००८ च्या राज्य सरकारच्या आदेशाने ‘आडवी बाटली’ची पद्धत आजच्या रूपात आली. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या मतदारांच्या निम्मे ही अट कठीण आहे. तरीही राज्यातल्या अनेक गावांतल्या बायांनी ती पार केली आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत आणखी एक पाऊल जाहीर केलं : गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवं मद्याचं दुकान काढायचं तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल.

यामागचा विचार एकच आहे. दारू पिणं किंवा न पिणं हा ज्याचा त्याचा प्रश्न असला, तरी ती माझ्या दारासमोर मांडायची की नाही, यावर माझंही मत घ्या. वर्धा (१९७४) आणि गडचिरोली (१९९३) या जिल्ह्यांत तर पूर्ण दारूबंदी आहे. पण नोटिफिकेशनला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. नागपुरात अ‍ॅप वापरून गडचिरोलीला घरी गेलेल्या माणसाच्या फोनवर ड्रिंक्सची ऑफर येण्यात तांत्रिक अडचण काहीच नाही.

तांत्रिकदृष्ट्या ‘दारू दाखवू नका’ हे बटण अवघड आहे का?

नाही. याचा पुरावा याच अ‍ॅप्समध्ये आहे. हॉटेलचा मेन्यू उघडला की वर ‘व्हेज’चं बटण दिसतं. ते दाबलं की मांसाहारी पदार्थ यादीतून गायब होतात. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने तर शाकाहारी ग्राहकांसाठी ‘प्युअर व्हेज मोड’ आणला. डिलिव्हरी करणाऱ्यांना वेगळा हिरवा गणवेश देण्यावरून टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला. तो वाद इथे बाजूला ठेवू. मुद्दा इतकाच की ग्राहकाला एखादी गोष्ट नजरेसमोर नको असेल, तर ती लपवता येते, हे कंपन्यांनी करून दाखवलं आहे.

दारूसाठी हेच करायचं तर काय लागेल? प्रत्येक बॅनर, ऑफर आणि नोटिफिकेशनला ‘मद्याशी संबंधित’ असं लेबल, आणि ग्राहकाच्या खात्यात ‘नको’ अशी एक नोंद. संदेश पाठवताना गट पाडले जातातच. त्या अटींत आणखी एक अट : ज्यांनी ‘नको’ म्हटलं आहे, त्यांना वगळा. एकूणएक पदार्थाला हिरवा किंवा लाल ठिपका देणाऱ्या यंत्रणेला हे जड नाही.

जगात याची उदाहरणं आहेत. गूगलने डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत, नंतर इतर देशांत, दारू आणि जुगाराच्या जाहिराती कमी दाखवण्याचा पर्याय यूट्यूबवर दिला. ब्रिटनमधल्या ‘ब्लूम अँड वाइल्ड’ या फुलं विकणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये ग्राहकांना विचारलं : ‘मदर्स डे’चे ईमेल नको आहेत का? आई गमावलेल्या ग्राहकांचा विचार करून हा पर्याय दिला होता. नंतर इतर कंपन्यांनीही तो उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात देशांच्या सीमा ओलांडून येणाऱ्या डिजिटल मद्य-जाहिरातींवर नियंत्रण आणायची गरज मांडली आहे.

मग आपल्याकडे बटण का नाही? बॅनरची जागा विकून पैसे मिळतात, हे एक कारण. ग्राहकांनी ते एका आवाजात मागितलेलं नाही, हे दुसरं. पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं आहे.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

१. संदेश आला की लगेच तिथेच बंद करा. अँड्रॉइडवर नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा. ते कोणत्या प्रकारातलं आहे ते दिसेल. ‘प्रमोशन’ किंवा ‘ऑफर्स’ असा वेगळा प्रकार असेल तर तेवढाच बंद करा. सरसकट बंद केलं तर ऑर्डर कुठपर्यंत आली, हेही कळणार नाही.

२. अ‍ॅपच्या आतही पाहा. प्रोफाइलमध्ये नोटिफिकेशनच्या सेटिंग्ज असतात. तिथे ऑफर्स, व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस आणि ईमेल वेगवेगळे बंद करावे लागतात.

३. ठिकाणाची परवानगी कमी करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप वापरतानाच’ हा पर्याय निवडा.

४. गूगल खात्यातल्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये जा. संवेदनशील विषयांच्या यादीत दारू आणि जुगार असे विषय आहेत. ते बंद केल्याने यूट्यूब आणि गूगलवरच्या जाहिराती कमी होतील. जेवणाच्या अ‍ॅपमधल्या आतल्या बॅनरवर मात्र याचा परिणाम होत नाही.

५. आयफोन असेल तर नियम दाखवा. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरच्या नियमांनुसार, ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय जाहिरातीसाठी नोटिफिकेशन पाठवता येत नाही आणि ते बंद करण्याची सोय अ‍ॅपमध्येच द्यावी लागते.

६. लेखी तक्रार करा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जोडा. ‘मला मद्याशी संबंधित कोणताही संदेश नको’ असं एकच वाक्य स्पष्ट लिहा.

७. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जाहिरातीच्या मजकुराबद्दल भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘आस्की’कडे, तर महाराष्ट्रात थेट मद्याची जाहिरात दिसली तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करता येते.

एक गैरसमजही दूर करू. ‘डीएनडी’ लावलं म्हणून अ‍ॅपचे संदेश थांबत नाहीत. १९०९ वरची नोंदणी फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे. अ‍ॅपचं नोटिफिकेशन इंटरनेटवरून येतं, ते दूरसंचार नियामकाच्या या नियमांत बसत नाही.

घरात कुणी दारू सोडत असेल तर वरच्या पहिल्या चार गोष्टी त्याच्या फोनवर त्याच्यासोबत बसून करा, त्याच्या नकळत नको. मदतीसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक आहेत. दोन्हींवर फोन विनामूल्य आहे.

पुढे काय?

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. हा कायदा म्हणतो की दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. नोटिफिकेशनला ‘हो’ म्हणायला एक टिचकी लागते. ‘दारूचं नको’ म्हणायलाही एकच टिचकी लागायला हवी, ही मागणी या तत्त्वात अगदी नीट बसते.

ती करायला आंदोलनाची गरज नाही. आडव्या बाटलीची सुरुवातही गावोगावी अर्जावरच्या सह्यांनीच होते. इथे सहीच्या जागी स्क्रीनशॉट आहे आणि अर्ज तक्रार अधिकाऱ्याच्या नावाने लिहायचा आहे.